मोघेसाहेबांनी पास केलेला कॅमेरा

चहा येतोय तोवर मीच सांगून टाकतो. नाहीतर कांबळे सांगेल, आणि तो सांगायला लागला की मी जेवढा गाढव होतो त्याच्या दुप्पट दिसतो. माझ्या तोंडून ऐका. गाढव तेवढंच राहील, पण निदान खरारा केलेलं असेल!

तुम्हाला माहितीय, मी घोडबंदर रोडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे काय, तर माल बनवायचा दुसऱ्यांनी आणि खोट काढायची मी. माझी सही झाल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा गेटबाहेर जायचा नाही. आता असा माणूस घरी आल्यावर गप्प बसेल होय? डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुकर आणला, दाखवा मोघ्यांना. पंखा आणला, दाखवा मोघ्यांना. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी तर एकदा होणारा जावई आणलेला दाखवायला! मी उभा करून, बसवून, चालवून बघितला आणि पास केला. चांगला निघाला हो. अजून टिकलाय.

सांगायचा मुद्दा, माझा शब्द चालायचा. आणि मला ते माहीत होतं. तिथेच सगळा घोळ.

नव्वदचं दशक संपायला आलेलं. डिजिटल हा शब्द आम्ही तोवर फक्त मनगटी घड्याळापुरता ऐकलेला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातला दिनकर कांबळे माझ्या टेबलापाशी आला. राहायला ठाकुर्लीला. सरळ, शांत माणूस. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"साहेब, जरा बघता का? आमच्या मेव्हणीने मस्कतहून पाठवलाय. कॅमेरा आहे."

साबणाच्या डबीएवढी चंदेरी वस्तू. मी उलटीपालटी केली. "रोल कुठून घालायचा?"

"यात रोल नसतोच म्हणे. कॉम्प्युटरला वायर लावायची, की फोटो तिकडे जातात."

"हां, ते आहेच," मी म्हणालो. जणू आमच्या माळ्यावर असले चार पडलेत!

मग कांबळ्याने सगळं सांगितलं. ही मेव्हणी, शोभा, मस्कतला नर्स. कांबळ्याची मुलगी सुजाता लहानपणी चार वर्षं तिच्याकडेच वाढलेली. पुढच्या रविवारी सुजाताचा साखरपुडा, आणि शोभाला काही केल्या रजा मिळेना. म्हणून तिने एका येणाऱ्या माणसाबरोबर हा कॅमेरा धाडला. नवशिक्यालासुद्धा जमेल असा आहे म्हणाली. समारंभ झाला की ई-मेलने फोटो पाठवा, म्हणजे मी दुसऱ्याच दिवशी बघेन.

"स्टुडिओवाला सांगून ठेवलाय मी," कांबळे म्हणाला. "पण त्याचे फोटो धुऊन येणार, मग पोस्टाने जाणार. तोवर तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. या डबीवर भरवसा ठेवता येईल का, तेवढं सांगा."

"चार दिवस राहू दे माझ्याकडे. रिपोर्ट देतो."

सोबत एक जाडजूड पुस्तक होतं, आठ भाषांतलं. कांबळे भाबडेपणाने म्हणाला, "साहेब, आधी हे वाचायला लागेल ना?"

"दिनकर," मी म्हणालो, "पुस्तक वाचतो तो नवशिका. आपण नग वाचतो."

वाक्य कसं आहे? नंतर कँटीनमध्ये ऐकवलं तेव्हा दोघांनी टाळी दिली होती. त्या टाळीचा आवाज अजून कानात आहे माझ्या!

तर घरी येऊन मी पद्धतशीर चाचणी सुरू केली. मागे पडदा-बिडदा काही नाही, नुसतं डोळा लावायला भोक. डोक्यावर एक बटण. बाजूला एक सरकवायची खिट्टी, तिच्याशेजारी तीन चित्रं: घड्याळ, फूल, आणि एक रिकामा चौकोन. खिट्टी घड्याळावर होती. म्हटलं, छान, वेळ अचूक लावलेली दिसतेय. हात लावायला नको.

हात हलू नये म्हणून गॅलरीच्या कठड्यावर दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवल्या, त्यावर कॅमेरा, आणि समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. बटण दाबलं.

पीं!

आणि पुढचा लाल दिवा लुकलुकायला लागला. लुकलुक, लुकलुक... मी घड्याळ लावून मोजलं. दहा सेकंद. मग आतून 'टक'.

आमची ही दारात उभी राहून बघत होती. "काय झालं? बिघडला?"

"बिघडतोय कशाला! पीं म्हणजे फोटो निघाला. दिवा लुकलुकतोय म्हणजे तो फोटो आत साठवतोय. साठवून झाला की टक करून सांगतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, विचार केला की कळतं!"

तीन फोटो काढले टाकीचे. मग स्टेशनजवळ विद्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता तिथे गेलो. विद्या आमच्याच बिल्डिंगमधली, हुशार पोरगी. तिने वायर लावली आणि काय सांगू! टाकी अशी स्वच्छ आलेली, की तिच्यावरच्या कावळ्याच्या शिंतोड्यांसकट दिसावी.

विद्या म्हणाली, "काका, दोनचार माणसांचे पण काढून बघा ना. टाकी काय, जागची हलत नाही."

आता बघा, देव असा सूचना देत असतो. पण ऐकणार कोण? मी म्हणालो, "विद्या, टाकी नीट येते तर माणूस का नाही येणार? टाकीपेक्षा सोपाच आहे."

रिपोर्ट लिहिला. कारखान्याच्या छापील कागदावर, कार्बन घालून, दोन प्रतींत. 'वजन हलके. बांधणी मजबूत. वापर सुलभ. नवशिक्यांसाठी योग्य.' आणि दोष लिहायलाच हवा, नाहीतर रिपोर्ट खरा वाटत नाही, म्हणून लिहिलं: 'फोटो साठवण्यास दहा सेकंद लागतात. कंपनीने वेग वाढवावा.' खाली सही.

कांबळ्याने कागद दोनदा वाचला. "मग स्टुडिओवाल्याला नको म्हणून सांगू?"

"बिनधास्त सांग. आणि फोटो मीच काढणार. सुजाता मला मुलीसारखी आहे."

रविवारी ठाकुर्लीच्या समाजमंदिरात साखरपुडा. मी सफारी घालून, कॅमेऱ्याची दोरी गळ्यात, हजर. मुलाकडची मंडळी कल्याणची. मुलगा प्रशांत हसरा, साधा. पण त्यांच्याकडे सगळं चालायचं ते त्याच्या आत्याचं. आत्याबाई म्हणजे करारी बाई. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "मला साखर आहे. मला गोडाचा आग्रह कुणी करायचा नाही." सुजाताच्या आईने, मंदावहिनींनी, घाबरून त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवला.

मी खिट्टीकडे बघितलं. घड्याळ एका बाजूला, फूल एका बाजूला. म्हटलं, हार-फुलांचा प्रसंग आहे, म्हणजे फुलावर पाहिजे. किती सोय केलीय बघा कंपनीने, समारंभासाठी वेगळं! खिट्टी सरकवली, ती घड्याळ आणि फुलाच्या बरोब्बर मध्ये अडकली. दोन्ही चित्रांशेजारचे ठिपके पेटले. दोन्ही चालू! मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं.

बुद्धवंदना झाली. अंगठ्या घालायची वेळ आली. मी पुढे सरसावलो.

"सुजाता, हात असाच धर! प्रशांत, इकडे बघ! हलू नका कुणी!"

पीं!

"झालं! सोडा!"

सगळ्यांनी श्वास सोडले. मी कॅमेरा पोटावर सोडला आणि पुढच्या जागेकडे वळलो. आणि पोटावरून एकदम लख्ख उजेड! समोर एक आजोबा चपला शोधत होते, ते दचकून खालीच बसले.

"हे काय ओ?" आत्याबाईंनी विचारलं. "उजेड आत्ता पडला?"

टाकीच्या वेळी ऊन होतं, तेव्हा फ्लॅश पडलाच नव्हता. एखादा माणूस इथे थांबला असता. विचारात पडला असता. मी? मी एका सेकंदात उत्तर दिलं!

"आत्याबाई, फोटो साठवून झाला, त्याची ती पोच."

"आमच्या कल्याणच्या फोटोवाल्याचा उजेड फोटोच्या वेळीच पडतो."

"त्यांचा कॅमेरा जुना असणार."

आजूबाजूच्या चारजणांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, "डिजिटल आहे ना तो." झालं! त्यानंतर माझी लाल दिव्यावर छोटी भाषणंच सुरू झाली. दर फोटोला पीं, झालं, सोडा, आणि दहा सेकंदांनी कुठेतरी लख्ख. एकदा छतावर, एकदा भिंतीवर, एकदा जेवणाच्या पंगतीत. लोकांना सवय झाली. पंगतीतला एकजण दुसऱ्याला समजावत होता, "अरे, ती पोच आहे."

एकोणीस फोटो झाले. विसावा काढायला गेलो, बटण दाबलं, आणि लक्षात आलं की काचेवर बोट लागून डाग पडलाय. म्हटलं, दिवा लुकलुकतोय तोवर पुसून घेऊ. चष्मा पुसतो तसा कॅमेरा तोंडाजवळ धरला, आ वासला आणि काचेवर वाफ सोडली. हाऽऽऽ!

लख्ख!

पाच मिनिटं मला सगळीकडे हिरवी वर्तुळं दिसत होती. तरी कांबळ्याला म्हणालो, "पोच जोरात आहे हं याची."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विद्याच्या क्लासमध्ये सगळे जमले. कांबळे, मंदावहिनी, सुजाता, प्रशांत, आणि आत्याबाई. आत्याबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण फोटो बघितल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. मी कॉम्प्युटरशेजारी खुर्ची टाकून यजमानासारखा बसलो. विद्याने वायर लावली.

पहिला फोटो उघडला. चपला.

नुसत्या चपला. आणि एक आजोबा, जमिनीवर बसताना.

"हा चुकून आला असेल," मी म्हणालो. "पुढचा घे."

दुसऱ्यात छत आणि पंख्याचं अर्धं पातं. तिसऱ्यात कुणाचीतरी पाठ, ब्लाउजचं हूक लावणारे दोन हात. चौथ्यात भजी. आणि सगळे धुक्यातून काढल्यासारखे.

विद्याने कॅमेरा हातात घेतला, खिट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "काका, हा टायमरवर आहे."

"म्हणजे वेळ दाखवतो तो."

"नाही हो काका. बटण दाबलं की हा दहा सेकंद थांबतो, मग फोटो काढतो. स्वतःचा फोटो काढायला असतं ते. कॅमेरा ठेवायचा आणि पळत जाऊन उभं राहायचं."

सुजाता हळूच म्हणाली, "मावशीने पाठवायच्या आधी स्वतःचा काढून बघितला असेल. ती एकटीच राहते ना तिकडे."

"आणि हे फूल," विद्या बोलत होती, "अगदी जवळून फोटो काढायला. हातभर लांबचं सगळं धूसर येणार."

मला वाटलं, समोरची टाकी आत्ता माझ्या डोक्यावर पडावी. मी कांबळ्याकडे बघितलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त स्क्रीनवरच्या भज्यांकडे बघत होता आणि मग मंदावहिनींना म्हणाला, "शोभाला काय सांगायचं गं?"

तोवर माझ्या सहीचा एक नग परत आला नव्हता. त्या दिवशी वीसच्या वीस.

"पुढचे तरी बघू," प्रशांत म्हणाला. विद्या बटण दाबत गेली, पुढचे दोन तसलेच, आणि मग सातवा फोटो आला.

आत्याबाई. हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीकडे अर्धं तोंड करून. एका हातात अख्खी बालुशाही, दुसरी गालात. गाल असा फुगलेला की धुक्यातूनसुद्धा कळावा!

"आत्या!" प्रशांत ओरडला.

"ती मी नाहीच!" आत्याबाई ताडकन उठल्या. "फोटो खोटा आहे!"

"कॅमेरा खोटं बोलत नाही, आत्याबाई," मी बोलून गेलो. सवय हो, मालाची बाजू घ्यायची! मंदावहिनींनी कपाळावर हात मारला.

"चल रे प्रशांत," आत्याबाईंनी पिशवी उचलली. "चारचौघांत अपमान करायचा? असल्या घरात..."

कांबळे उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. एका खिट्टीपायी मी पोरीचं लग्न मोडलं की काय!

तेवढ्यात सुजाता पुढे आली. आत्याबाईंच्या हातातली पिशवी तिने हळूच काढून घेतली. "आत्या, पुढच्या वेळी कोपऱ्यात उभं राहू नका. मला खूण करा. मी अर्धी आणून देईन. अर्धीच हं, साखर आहे तुम्हाला. उरलेली अर्धी मी खाईन."

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "अर्धी नाही. पाऊण," त्या म्हणाल्या आणि परत बसल्या.

मग काय! सगळे असे हसले, की शेजारच्या टायपिंग क्लासमधून लोक डोकावले. आणि हसत हसत पुढचे फोटो बघायला लागलो तर गंमतच निघाली. मी 'सोडा' म्हटल्यावर लोक जसे सुटले होते, तसे आलेले. मंदावहिनी पदराने डोळे पुसताना. प्रशांतचे वडील पायातला बूट काढून बोटं मोकळी करताना. कांबळे एकटा, भिंतीला टेकून, मुलीकडे बघत. आणि चौदावा. सुजाता कॅमेऱ्याच्या अगदी जवळ होती म्हणून तेवढीच जरा स्पष्ट. प्रशांत तिच्या कानात काहीतरी सांगतोय आणि ती खोखो हसतेय. पोज देताना लाकडासारखी ताठ होती ती, मला आठवतंय.

"तेव्हा काय सांगत होतास रे तिला?" आत्याबाईंनी विचारलं.

प्रशांतने माझ्याकडे बघितलं आणि तो लाजला. म्हणजे विषय मीच होतो.

कांबळे त्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विद्या, हा पाठव."

"सगळे पाठव," सुजाता म्हणाली. "मावशीला सगळेच आवडतील."

"तो विसावा बघायचा राहिलाय," विद्या म्हणाली आणि तिने उघडला.

आई गं! पूर्ण स्क्रीनभर एक तोंड. आ वासलेलं. जीभ, पडजीभ, वरचे दात, खालचे दात, सगळं फ्लॅशमध्ये झगझगीत. वीस फोटोंत हा एकच असा स्पष्ट आलेला, की दातातली कोथिंबीर मोजून घ्यावी.

"अगं बाई, ही कसली गुहा?" मंदावहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "हा नको पाठवू." पण विद्याचं बोट आधीच पडलेलं.

दोन दिवसांनी मस्कतहून उत्तर आलं. विद्याने कागदावर छापून दिलं आणि कांबळ्याने ते कँटीनमध्ये मोठ्याने वाचलं. शोभाने लिहिलं होतं, 'फोटो बघून खूप रडले आणि खूप हसले. वाटलं, मीही तिथेच कुठेतरी खाली बसलेय आणि सगळ्यांकडे बघतेय. सुजाताचा हसतानाचा फोटो वॉर्डात सगळ्यांना दाखवला.' मला वाटलं, चला, सुटलो. पण पुढे होतं, 'शेवटचा फोटो कुणाचा ते कळलं नाही. पण खालची उजवीकडची शेवटून दुसरी दाढ पार किडलीय. इथल्या दातांच्या डॉक्टरांनाही दाखवला. ते म्हणाले, वेळ घालवू नका.'

मी म्हणालो, "काचेवरचा डाग असेल तो."

बरोबर तीन आठवड्यांनी दाढ ठणकायला लागली. चौथ्या आठवड्यात काढली. डॉक्टर म्हणाले, महिन्यापूर्वी आला असतात तर वाचली असती.

सुजाताचं लग्न झकास झालं. फोटोला स्टुडिओवाला होता, हे सांगायला नको. शोभा मस्कतहून आलेली, चांगली महिन्याची रजा काढून. मांडवात कांबळ्याने मला हाताला धरून तिच्यासमोर नेलं.

"शोभा, हे आमचे मोघेसाहेब. साखरपुड्याचे फोटो यांनीच काढलेले."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "शेवटच्या फोटोतले? छे हो, हे नाहीत वाटत."

"अहो, मीच तो," मी म्हणालो.

"असं? आ करा बरं."

भर मांडवात, आत्याबाईंसकट दोनशे लोकांसमोर, मी सफारी घालून आ वासला. तिने माझी हनुवटी धरून मान दिव्याकडे वळवली, आत वाकून नीट बघितलं, आणि मग तिचा चेहरा ओळख पटल्यासारखा उजळला.

"हां, हेच ते!" तिने हात जोडले. "नमस्कार, मोघेसाहेब."